भिशी, पिग्मी की पोस्टाची आरडी?

माझ्या मेव्हण्याची कराडला वडापावची गाडी आहे. मागच्या दिवाळीत हिशेब करून तो म्हणाला, "महिन्याला पाच हजार बाजूला पडतील असं दिसतंय. टाकू कुठं?" त्याच्यापुढं तीन वाटा होत्या. बायकोच्या ओळखीतली बारा जणींची भिशी, संध्याकाळी गाडीवर येऊन रोजची छोटी ठेव गोळा करणारे पिग्मीवाले काका आणि चौकातलं पोस्ट. कुठं किती टक्के मिळतात, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी त्याला उलटं विचारलं, "हप्ता भरायला तुला भाग कोण पाडणार?" कारण आधीच्या वर्षी त्यानं बँकेत उघडलेली आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची ठेव, चौथ्या महिन्यातच बंद पडली होती. टक्के चांगले होते, पैसे मात्र भरलेच गेले नव्हते.

तिन्हींची तुलना मी याच बाजूनं करतो. यातली प्रत्येक वाट हप्ता भरायला भाग पाडते, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं, आणि त्याची किंमत वसूल करते.

आधी भिशी, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बारा जणी, दर महिन्याला पाच-पाच हजार, म्हणजे साठ हजारांची रक्कम. डब्यातून चिठ्ठी निघते, जिचा नंबर लागला ती पैसे घेऊन जाते आणि बाकीच्या पोहे खाऊन घरी जातात. व्याज कुणालाच नाही. तरी सगळ्यांचा सौदा सारखा नसतो. पहिल्या महिन्यात नंबर लागला तिनं स्वतःचे पाच हजार घालून साठ नेले. म्हणजे पंचावन्न हजारांचं बिनव्याजी कर्ज तिला मिळालं, तेही कागदपत्रांशिवाय आणि जामीनदाराशिवाय. तेच पैसे तिनं १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जानं घेतले असते, तर अकरा महिन्यांत पावणेचार हजारांच्या आसपास व्याज गेलं असतं. शेवटचा नंबर लागला तिनं मात्र वर्षभर दुसऱ्यांना पैसे वापरू दिले. पोस्टाच्या आरडीच्या ६.७ टक्क्यांनी धरलं तर साधारण १,८५० रुपयांचं व्याज तिनं सोडलं. ही सगळी चिठ्ठीची मर्जी. त्यामुळं 'भिशीत पैसे वाढतात का?' या प्रश्नाला सरळ उत्तर 'नाही' असं आहे. भिशीतले पैसे नुसते एकीकडून दुसरीकडं जातात.

लिलावाच्या भिशीचं गणित वेगळं. तिथं गरज असलेली बाई बोली लावते, "मला एक्कावन्नच द्या." उरलेले नऊ हजार बारा जणींत वाटले जातात, प्रत्येकीला साडेसातशे. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्याच महिन्यात कुणी असं उचललं आणि पुढच्या लिलावांत कुणी फारसं सोडलं नाही, तर तिला पडलेला व्याजदर वर्षाला ३३ टक्क्यांच्या घरात जातो. पुढं दर महिन्याला सरासरी चारशे रुपये तिच्या वाट्याला आले, तर तो सोळा-सतरावर येतो. बोली लावताना हा दर कुणाच्याच डोक्यात नसतो. डोक्यात असते ती मुलाची फी. न उचलता शेवटपर्यंत थांबणारीला मात्र या भिशीत खरोखर नफा होतो. तो नफा शेजारणीच्या अडचणीतून येतो, हे लक्षात ठेवूनच त्यात उतरावं.

आता भाग कोण पाडतं? लाज. भिशीचा हप्ता चुकवणं म्हणजे जिन्यात तोंड चुकवणं. माझ्या आईनं वीस वर्षं चाळीत भिशी चालवली आणि त्या वीस वर्षांत एखाद्या दिवसाचा उशीर झाला असेल, पण महिना कुणी चुकवला नाही. अपवाद एकच. एक बाई तिसऱ्या नंबरला रक्कम उचलून दोन महिन्यांत बिऱ्हाड हलवून गेली. सात हप्ते राहिले होते. भिशी चालवणारीचा शब्द म्हणून आईनं ते स्वतःच्या पाटलीतून भरले. पाटली नंतर परत आली नाही. कायद्याकडं जावं, तर नोंदणी न केलेल्या भिशीची वही हाच काय तो पुरावा. चिट फंडांसाठी, म्हणजे कंपनीनं चालवलेल्या मोठ्या भिशीसाठी, १९८२ चा केंद्राचा कायदा आहे, पण तो परवानगी घेऊन, नोंदणी करून चालवलेल्या फंडांना संरक्षण देतो. केरळात तर राज्य सरकारचीच कंपनी १९६९ पासून चिट्ट्या चालवते. आपल्याकडच्या घरगुती भिशीला असलं काही पाठबळ नाही. भरवसा बसायला ओळख लागते. ओळखीच्या ओळखीतल्या बायका घेऊन भिशी वाढत गेली, की ज्या लाजेच्या जोरावर ती चालते ती लाजच पातळ होते.

पिग्मीची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते ती उगाच बदनाम आहे. हिचं मूळ उडुपीतलं. १९२८ मध्ये तिथल्या सिंडिकेट बँकेनं, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, रोज दोन आणे गोळा करायला माणसं घरोघर पाठवली. ही कल्पना आपल्याकडच्या सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी इतकी उचलली की पिग्मीवाला आला नाही तर बाजारपेठेत चुकल्यासारखं वाटतं. व्याज कमी मिळतं आणि मुदतीआधी खातं बंद केलं तर कपातही होते, म्हणून शहाणी माणसं नाक मुरडतात.

पण हिशेब करून बघा. रोज २०० रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे तेच पाच हजार. चार टक्के धरले तर वर्षाला बाराशेच्या आसपास व्याज. साडेसहा-पावणेसात टक्क्यांच्या आरडीत पहिल्या वर्षी साधारण २,२०० जमा झाले असते. फरक हजाराचा. त्या हजारात एक माणूस वर्षभरात तीनशे वेळा तुमच्या गाडीशी येऊन उभा राहतो. म्हणजे एका फेरीला सव्वातीन रुपये. कटिंग चहासुद्धा त्यात येत नाही. ज्याच्या हातात पैसा रोज सुटा येतो आणि रोज सुटाच जातो, त्याला कुणीतरी संध्याकाळी हात पुढं करणं हीच बचत. पगारदाराला याची गरज नाही. त्यानं पिग्मी लावली, तर तो नुसती किंमत मोजतोय.

पिग्मीत डोळे उघडे ठेवायच्या जागा दोन. पहिली म्हणजे काकांच्या कार्डावरचा आकडा आणि खात्यावरचा आकडा. माझ्याच मेव्हण्याचा एकदा २,८०० रुपयांचा फरक निघाला. एजंट म्हणाला, मशीन बिघडलं होतं. पैसे मिळाले, पण चार चकरा झाल्या. रोज मोबाइलवर संदेश येत नसेल, तर महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यावंच.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे आणि इथंच बरीच माणसं फसतात. पैसे गोळा करणारी संस्था बँक आहे की पतसंस्था? पाटीवर 'अर्बन', 'को-ऑप', 'मल्टिस्टेट' असलं काही लिहिलेलं असतं, आत काउंटर आणि काचा बँकेसारख्याच. पण ठेव विमा फक्त बँकांना असतो, सहकारी बँकाही त्यात आल्या. एका बँकेत एका ठेवीदाराचे सगळे मिळून, व्याजासकट, ५ लाख रुपये सुरक्षित. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये वाढली, त्याआधी ती एकच लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. मग ती राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असो की बहुराज्य, म्हणजे मल्टिस्टेट असो. मराठवाड्यात मल्टिस्टेटच्या बंद शटरसमोर उभ्या राहिलेल्या ठेवीदारांना हा फरक फार उशिरा कळला. आणि विमा असला म्हणजे पैसे लगेच हातात येतील असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा पहिल्या दिवशी खातेदाराला काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये. ठेव विम्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली. तीन महिने म्हणजे गाडीवाल्याला तेलाचे डबे किती, हा हिशेब त्याचा त्यानंच करावा.

पोस्टाच्या आरडीचं सांगायला फार काही नाही आणि तीच तिची खुबी आहे. केंद्र सरकारची हमी आहे, त्यामुळं ५ लाखांची भीती नाही. मुदत पाच वर्षं, साठ हप्ते. दर सरकार तिमाहीला ठरवतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६.७ टक्के झाला. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. या दरानं महिन्याला पाच हजार भरले, तर तीन लाखांचे ३,५६,८३० होतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, म्हणजे पाच हजारांवर पन्नास रुपये. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. पोस्टात जायचा कंटाळा असेल, तर महिला प्रधान योजनेच्या एजंट बाई घरी येऊन हप्ता नेतात. त्यांचं कमिशन सरकार देतं, तुमच्या रकमेतून ते जात नाही. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते उगाच वरचे दहा-वीस रुपये देतात.

अडचण आहे ती मधेच पैसे लागण्याची. तीन वर्षं झाल्याशिवाय पोस्टाची आरडी मोडता येत नाही. त्यानंतर मोडली तर व्याज मिळतं ते बचत खात्याच्या दरानं, ४ टक्के. तीन वर्षांत १,८०,००० भरून हाती अकरा हजारांच्या आसपास व्याज, म्हणजे पिग्मीएवढंच. त्यापेक्षा बारा हप्ते आणि वर्ष पूर्ण झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, ते घ्यावं. आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज, म्हणजे ६.७ वर ८.७. वर्षादीड वर्षात लागणार असलेले पैसे पोस्टात घालूच नयेत. त्यासाठी बँकेची एक वर्षाची आरडी बरी. ती बँक विम्याखालची आणि जरा मोठी असली म्हणजे झालं.

यात म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवणं, कुठं बसते, असं कुणीतरी विचारणारच. बसत नाही. सात-आठ वर्षं हात न लावता ठेवायच्या पैशांसाठी ती चांगली आहे आणि महागाईच्या पुढं पळायची ताकद या तिघांपेक्षा तिच्यात जास्त आहे. पण ज्याच्याकडं तीन महिन्यांचा खर्च बाजूला नाही, तो पहिल्या पडझडीत ती मोडतो. नेमकी नको त्या वेळी.

सराफाच्या अकरा हप्त्यांच्या योजनेलाही लोक भिशीच म्हणतात. दागिना नक्की करायचाच असेल तर ठीक. पण पैसे परत रोख मिळत नाहीत, ठेव विमा नाही, आणि दुकान बंद झालं तर आपण रांगेत.

मेव्हण्याला मी काय सांगितलं ते इथं लिहितो. गाडी, रिक्षा, किराणा, भाजी, ज्याची कमाई रोजची आहे त्यानं पिग्मी लावावी. पण ती सहकारी बँकेची, पतसंस्थेची नव्हे, आणि तीही फक्त एक वर्षाची. वर्षअखेर जमलेले साठ हजार गाडीला लागणाऱ्या सिलिंडर-शेगडीत विरघळू न देता त्याच आठवड्यात मुदत ठेवीत टाकावेत. दुसऱ्या वर्षी हप्त्याची सवय झालेली असली, तर निम्मे पोस्टात वळवावेत. ज्याचा पगार एक तारखेला खात्यात येतो त्यानं पिग्मीच्या वाटेला न जाता दोन तारखेला खात्यातून आपोआप कापली जाणारी आरडी लावावी. आरडीच्या व्याजावर कर लागतो, तो विवरणपत्रात दाखवावा.

आणि भिशी? बायकोची भिशी सोड, असं मी त्याला म्हटलं नाही. म्हणून बघा, घरात काय होतं ते. पाच हजारांची नको, हजाराची कर, एवढंच सांगितलं. बारा हजार बुडाले तरी घर चालेल आणि मैत्रीही टिकेल. लिलावाची नको, चिठ्ठीची. बारा जणींतल्या प्रत्येकीचं घर तिनं आतून पाहिलेलं असावं. पहिले दोन-तीन नंबर मिळाले तर ते पैसे उधारी फेडायला वापरावेत, कारण तेव्हाच भिशी खरी कामाला येते.

त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, हजाराची भिशी धरली. तिचा नंबर नववा लागला. पिग्मीवाले काका आता सहाला येतात, तेव्हा पहिला घाणा निघालेला असतो, म्हणून कधी कधी ते वडा खाऊनच कार्डावर सही करतात. वड्याचे पैसे ते देतात. मी विचारून घेतलंय.