वागळे इस्टेटच्या लेथवाल्या काकांकडून रायफलच्या बोल्टचा पाना बनवून घेतला, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमच्याकडे बाबांची ३१५ बोअरची रायफल आहे, ईशापूर फॅक्टरीची, मुरबाडच्या शेतीसाठी घेतलेली, रानडुकरांचा त्रास तेव्हाही होता आणि आताही आहे. बाबा गेल्यावर रीतसर लायसन्स माझ्या नावावर झालं आणि रायफल ठाण्याला घरी आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही ३१५ म्हणजे जुन्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलच्याच घराण्यातली. ३०३ हा लष्करी बोअर, तो आपल्यासारख्यांना बंद, म्हणून साधारण तीच ॲक्शन, म्हणजे बोल्टची सगळी यंत्रणा, ३१५ मध्ये आली. बोल्ट (नट-बोल्टवाला नव्हे, काडतुसाच्या मागून नळी बंद करणारा सरकता दांडा) इतका दणकट की तीन पिढ्या जातील, पण आतली साफसफाई झाली पाहिजे. आणि ठाण्याचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तिथे स्प्रिंगचं काय होणार.

अडचण अशी की या बोल्टमधली फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर ठोका देणारी सळई, हाताने निघत नाही. पुढचं बोल्ट हेड फिरवून निघतं, मागचा छोटा स्क्रू पण निघतो, पण पिन मागे कॉकिंग पीसमध्ये (बोल्टच्या मागच्या टोकाचा तुकडा) आट्यांवर बसलेली असते आणि तिच्या कॉलरला, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याला, दोन खाचा असतात, त्या खाचांत बसणारा दोन दातांचा लांब पाना पुढून आत घालायचा, स्प्रिंगच्या जोराविरुद्ध दाबून धरायचा आणि फिरवायचा. हा पाना इथे दुकानात मिळत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या (टूल्सच्या) बाजारात दोन चकरा मारल्या, बॉक्स पाने दाखवतात, त्यातला एकही आत जात नाही. एकाने तर सरळ लांब नोज प्लायर हातात दिला, तो वापरला असता तर कॉलर खरवडून गेली असती.

मग एका मित्राने वागळे इस्टेटमधलं हे वर्कशॉप सांगितलं. आतल्या गल्लीत, एक लेथ, एक पिलर ड्रिल, एक ग्राइंडर, आणि काका एकटे. आजूबाजूला सगळे काचेचे टॉवर झालेत, जुनी युनिट्स एकेक करून गेली, तरी ही गल्ली अजून मशीनच्या तेलाच्या वासाची आहे, आत शिरल्यावर बरं वाटतं.

काकांनी पहिलंच विचारलं, "साहेब, हे कशाचं आहे? बंदुकीचा पार्ट असेल तर मी हात लावणार नाही." मला हा माणूस तिथेच आवडला. मी लायसन्स दाखवलं आणि समजावलं की पार्ट नाही, पाना आहे, रायफल किंवा बोल्ट तुमच्याकडे येणारच नाही. हे तुम्हीही लक्षात ठेवा, १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे हत्यार रिपेअर करायचं काम लायसन्सवाल्या आर्मररचंच (बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं), लेथवर बोल्ट देऊन यायचा नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

मग माप कसं दिलं? बोल्टचं आतलं माप व्हर्निअरने घेतलं, आणि खाचांसाठी लाकडी दांडीच्या टोकाला एम-सील लावून, कॉलरला आधी ग्रीस फासून, हलकंच दाबून ठसा घेतला. तो ठसा काकांनी दिव्याखाली धरून चांगला पाच मिनिटं फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "कॉलरच्या पुढे पिन किती बाहेर येते?" म्हणजे पाना भरीव करून चालणार नाही, पिनचं नाक आत मावेल एवढा पोकळ पाहिजे, आणि तेवढा खोल! माझ्या चित्रात ते नव्हतंच. घरी येऊन मोजलं आणि फोन करून सांगितलं.

पहिला पाना तीन दिवसांत मिळाला, मूठ नर्लिंग केलेली (पकड यावी म्हणून खरखरीत), फिनिश सुंदर. पण दात ब्राइट बारमधून कापले होते, नुसतं माइल्ड स्टील, जुनं घट्ट बसलेलं ग्रीस सोडवताना एक दात वळला. अर्धा मार्क इथे गेला, कारण जोर येणार आहे हे मी सांगितलं होतं. परत नेला तर काकांनी एक शब्द वाद घातला नाही. सिल्व्हर स्टीलचा, म्हणजे तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाचा, नवा केला, दात कानशीने हाताने जुळवले, चेरीसारखा लाल करून बुडवला, मग परत शेकत शेकत रंग गवती (वाळल्या गवतासारखा पिवळा), तपकिरी होत जांभळट झाला तिथे थांबवला. म्हणाले, गवतीवर थांबवला तर कडक राहील पण टचकन तुटेल. पैसे पुन्हा घेतले नाहीत. एकूण साडेसहाशे.

त्याच दिवशी उरलेल्या पितळी रॉडचा एक पंच आणि बोल्ट धरायला सागवानी ठोकळ्यात खाच करून दिली, ती मी मागितलीही नव्हती.

आता वापर. मॅगझिन काढून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, बोल्ट बाहेर काढून मगच बसलो. गॉगल घातला, शेवटचा आटा सुटताना स्प्रिंग पिनला पुढे फेकते, म्हणून पाना सोडायचा नाही, हळूहळू मागे घ्यायचा. आतून काळं, चिकट, डिंकासारखं ग्रीस निघालं, बाबांच्या वेळचंच असणार. केरोसीनने धुतलं, कोरडं केलं, पातळ तेलाचा हात दिला. परत बसवताना पिनचं मागचं टोक कॉकिंग पीसच्या बरोबरीला आलं आणि स्क्रूची खाच जुळली की थांबायचं, कमीजास्त झालं तर पिन पुढे नीट येत नाही. बोल्टचा तो जुना करकर आवाज गेलाय, आता नुसतं गुळगुळीत सरकतं.

जाणार असाल तर शुक्रवारी शटर बंद असतं, आणि कागदावर चित्र काढून न्या, फोटोवर काका काम करत नाहीत.