शनिवारचा कॉलेज फुटबॉल की रविवारचं एनएफएल?

डलासला नव्यानं गेलेला भाचा विचारतो, "मामा, एकच बघायला वेळ आहे, कुठलं बघू?"

दोन्हीकडे खेळ एकच, अमेरिकन फुटबॉल (एनएफएल म्हणजे व्यावसायिक लीग), पण पंचांचं माप वेगळं. लांब पासवर बचावपटूनं रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) नियमाबाहेर अडवलं, तर कॉलेजात दंड फार तर १५ यार्ड. एनएफएलमध्ये चेंडू थेट फाउलच्या जागी, मग ते अंतर ४० यार्ड का असेना. म्हणून कॉलेजात मागे पडलेला बचावपटू सरळ हात धरून मोकळा होतो (हिशेबी लबाडी!), एनएफएलमध्ये तेच महागात पडतं.

पासच्या वेळी लाइनमनला (पुढच्या फळीत वाट अडवणाऱ्याला) कॉलेजात सुरुवातीच्या रेषेपुढे ३ यार्ड जायची मुभा, एनएफएलमध्ये १. लाइनमन धावेसाठी पुढे सरकले तरी पास फेकता येतो, म्हणूनच धाव की पास हे ऐनवेळी ठरवणाऱ्या 'आरपीओ' चाली कॉलेजात फोफावल्या. झेल ग्राह्य धरायला कॉलेजात एक पाय मैदानाच्या आत टेकला तरी पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात.

फसवाफसवी आवडत असेल तर शनिवार, काटेकोर पासिंग बघायचं तर रविवार.