.३१५ इशापूर: बोल्ट कसा चालतो, कुठे अडतो

परवान्यावर रायफल घ्यायची म्हटलं की आपल्याकडे नजर आधी .३१५ वर, म्हणजे इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या रायफलवर जाते. .३०३ निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापात मोडते. म्हणून यंत्रणा ली-एनफिल्ड या .३०३ च्या लष्करी रायफलची आणि काडतूस जुन्या ऑस्ट्रियन ८×५० मॅनलिकरच्या घराण्यातलं, असा हा जोड. मॅगझिन ५ राउंडचं.

हँडल ६० अंश उचललं की बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा, सुटतो. माउझर ९८ या जर्मन रायफलीला ९० अंश लागतात आणि बार उडवणारी मुख्य स्प्रिंगही उचलतानाच दबते, त्यामुळे जोर तिथे लागतो. इथे स्प्रिंग दबते ती बोल्ट पुढे सारताना, शेवटच्या टप्प्यात. म्हणून उघडणं लोण्यासारखं, मिटणं घट्ट. बिचकत सारलेला बोल्ट अर्ध्यावर थांबतो आणि नवखा म्हणतो, रायफल अडते. ती अडत नाही. तळव्याने एका दमात ढकलून हँडल खाली बसवायचं.

खरी अडते ती रिममुळे, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेल्या कडेमुळे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढे हवी. मागे राहिली तर बोल्ट वरचं काडतूस ढकलतो, त्याची रिम खालच्या रिमला अडकते आणि दोन्ही रुतून बसतात. मग जोर करू नये. मॅगझिन काढून पुन्हा भरावं.

लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट जागी धरणारे खुंटे, बोल्टच्या मागच्या भागात आहेत, माउझरसारखे तोंडाशी नाहीत. फायदा असा की चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं तिथे, लगांच्या खाचांत घाण साठत नाही, साफसफाई सोपी. किंमत अशी की बार उडताना बोल्टचा बराच भाग दाबाखाली येतो. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची पुंगळी भिंतीला धरत नाही आणि जास्तीचा धक्का बोल्टवर जातो. कपाटात ठेवताना तेलाचा हात हवाच, पण वापरण्याआधी चेंबर कोरड्या फडक्याने पुसलंच पाहिजे. हे फार जण विसरतात.

चाप दोन टप्प्यांचा आहे: आधी सैल, मग घट्ट. सवय झाली की नेम धरायला तो सोयीचाच. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावं आणि मगच बोल्ट उघडावा.

जुनी रायफल घेताना ती रिकामी आहे हे आधी चेंबरमध्ये डोकावून पाहा. मग बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं टोक, बघा. हे हेड बोल्टच्या दांड्यात आट्यांवर बसतं. साफ करून परत लावताना ते पूर्ण बसलं नाही तर हेडस्पेस, म्हणजे काडतुसाच्या बुडासाठी बोल्टपुढे सुटणारी जागा, बिघडते. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळत नसेल, तर गनस्मिथकडून गेज लावून तपासल्याशिवाय पैसे मोजू नका, विकणारा कितीही ओळखीचा असो.