मिझुनो एमपी-२० मसल बॅक : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

गोल्फचा चेंडू लांब जावा म्हणून कोणी हे आयर्न (नंबर लावलेले धातूच्या डोक्याचे क्लब; मसल बॅक म्हणजे मागून भरीव) घेणार असेल, तर त्याने घेऊ नयेत. माझा हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) एकेरी आकड्यात आहे आणि खेळ बहुतेक येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर होतो. आधीचा सेट पोकळ डोक्याचा, पातळ फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) होता. त्यातल्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, २९ अंशांच्या आसपास. एमपी-२० च्या सात नंबरचा लॉफ्ट ३४ आहे आणि पिचिंग वेजचा (नऊ नंबरनंतरच्या, जवळच्या फटक्याच्या क्लबचा) ४६. लॉफ्ट जास्त असला की चेंडू उंच जातो पण लांब कमी, त्यामुळे नव्या सेटचा प्रत्येक क्लब जुन्याच्या मानाने एका नंबराने कमी जातो. पहिले काही आठवडे हे खटकतं. पण स्कोअरकार्डवर कुठल्या नंबरने मारलं याचा रकाना नसतो.

तरीही चांगले खेळाडू असेच आयर्न का घेतात? ‘फील’साठी, म्हणजे फटका हातांना कसा जाणवतो त्यासाठी, असं उत्तर बहुतेक जण देतात. माझ्या मते ते खरं असलं तरी दुय्यम आहे. पहिलं कारण अंतराचा भरवसा.

पातळ फेस स्प्रिंगसारखा दबतो आणि चेंडूला ढकलतो. जुन्या सेटने १५० यार्डांचा फटका नेहमीप्रमाणे मारला आणि चेंडू १६० च्याही पुढे, ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) मागे, असं अधूनमधून व्हायचं. स्विंगमध्ये काहीच वेगळं नसायचं. पावसाळ्यात तर फारच. फेस आणि चेंडू यांच्यामध्ये ओलं गवत आलं की स्पिन (चेंडूची गिरकी) कमी होतो आणि चेंडू उसळून निघतो, यालाच फ्लायर म्हणतात. २०१० पासून स्पर्धांमध्ये ग्रूव्हच्या (फेसवरच्या खाचांच्या) कडांवर मर्यादा आल्या, तेव्हापासून रफमधून (लांब गवतातून) स्पिन मिळवणं आणखी अवघड झालं. एमपी-२० नेही फ्लायर निघतो, पण किती जाईल याचा अंदाज बांधता येतो. मागे जाड, भरीव लोखंड आहे, फेस दबत नाही. मधोमध बसला की दर वेळी जवळपास तेवढंच अंतर. १५० ला झेंडा असेल तर मला १५०च हवेत, १६५ काय कामाचे?

दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू उतरतो कसा. चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या ट्रॅकमनने प्रसिद्ध केलेल्या पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या) सरासरीत सात नंबरचा स्पिन मिनिटाला सुमारे ७,००० फेऱ्या आणि उतरण्याचा कोन ५० अंशांच्या घरात आहे. आमचा स्विंग तेवढा वेगवान नाही, म्हणून लॉफ्टची गरज आम्हाला जास्तच. एप्रिलच्या कडक ग्रीनवर जुन्या सात नंबरचा चेंडू पडून पुढे धावायचा. आता तेवढ्याच अंतरावरून सहा नंबर काढतो आणि चेंडू पडल्या जागेपासून फार हलत नाही. या एका फरकासाठी मी हा सेट पुन्हा घेईन.

सोल (डोक्याचा तळ) अरुंद आहे, ऑफसेट (फेस दांड्यापेक्षा किती मागे आहे ते) अगदी थोडा. घट्ट फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पातळ धार चेंडूखाली सहज शिरते. चिखलात मात्र स्विंग खडा असेल तर रुतते, तेव्हा उभं राहताना चेंडू मागच्या पायाकडे थोडा घेऊन खेळावा लागतो. ज्यांचा चेंडू मुळातच डावीकडे वळतो, त्यांना कमी ऑफसेटचं मोल पहिल्याच राउंडला कळेल. उजव्या कोपऱ्यातल्या पिनला फेड (उजवीकडे वळणारा फटका) मारताना क्लबचं डोकं हातांचं ऐकतं.

आता फील. हिरोशिमात फोर्ज केलेलं १०२५ कार्बन स्टील आणि क्रोमखाली तांब्याचा पातळ थर, अशी याची घडण. आवाज दबका, गोल. मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की चेंडू फेसच्या टोकाला (टो) लागला की दांड्याकडच्या बाजूला (हील), हे हातांना लगेच समजतं. सरावाच्या रेंजवर त्याचा फार उपयोग झाला.

फेसच्या टोकाला लागलेला फटका दहा-पंधरा यार्ड कमी पडतो, हे मात्र मान्य करायला हवं. वजन कडांना नेलं की चुकीचे फटके सावरतात, हे पिंग कंपनीच्या कार्स्टन सोलहाइम या जनरल इलेक्ट्रिकमधल्या इंजिनिअरने १९६० च्या दशकातच करून दाखवलं. त्यामुळे कॅव्हिटी बॅक (मागून खोलगट, वजन कडांना असलेले) फक्त नवशिक्यांसाठी, हा समज चुकीचा आहे. टायगर वूड्सच्या नावाने २०१९ मध्ये निघालेल्या टेलरमेडच्या ब्लेडमध्येसुद्धा (मसल बॅकचंच दुसरं नाव) टंगस्टन हा जड धातू दडवलेलं आहे. टूरवरचे कितीतरी खेळाडू लांबचे आयर्न पोकळ किंवा कॅव्हिटीचे आणि जवळच्या अंतराचे ब्लेड असा मिश्र सेट ठेवतात. मीही चार आणि पाच नंबर याच मालिकेतले एचएमबी, म्हणजे पोकळ डोक्याचे घेतले. त्यांचा लॉफ्ट मसल बॅकपेक्षा कमी असतो, म्हणून दुकानात एक अंशाने वाढवून घेतला. पाच आणि सहा नंबरमधलं अंतर आता बरोबर बसलं आहे.

हँडिकॅप पंधराच्या पुढे असेल किंवा चेंडू फेसवर सगळीकडे लागत असेल, तर यावर पैसे घालू नका. आधी फेसवर पावडर फवारून वीस-तीस चेंडू मारा, खुणा रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत येतात का बघा. ज्यांनी घेतलाच आहे त्यांनी वर्षातून एकदा लॉफ्ट-लाय (फेसचा आणि दांड्याचा कोन) तपासून घ्या. हे स्टील मऊ आहे, मॅटवर खूप मारलं की अंश सरकतो. माझा नऊ नंबर असाच सरकला होता, वाकवून घेतल्यावर आठ आणि वेजच्या बरोबर मधे आला.