गान्सबायचं शार्क केज डायव्हिंग : जावा, पण फोटोतल्या माशासाठी नको

दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको आणि मेव्हणा असे तिघं साउथ आफ्रिकेला जाऊन आलो आणि आल्यापासून शिरोलीत वर्कशॉपवर, तालमीत, मिसळ खाताना जो भेटेल तो एकच विचारायलाय, ते पिंजऱ्यात उतरून शार्क बघायचं काय झालं. म्हणून एकदाच सगळं लिहितो, कारण कोल्हापुरातनं अजून दोन-तीन ग्रुप जायच्या तयारीत आहेत आणि त्यांना आधी कळलेलं बरं.

केपटाउनपासून गाडीनं दोन-अडीच तासांवर गान्सबाय म्हणून गाव आहे, त्याच्या शेजारी क्लाइनबायचं छोटं बंदर, तिथनं बोट सुटते. समोर डायर आयलंड आणि त्याला लागून गायझर रॉक. या खडकावर सील (मिशावाले समुद्री प्राणी) किती तर ६०,००० च्या आसपास! बोट जवळ गेली की आवाज आणि वास दोन्ही एकदम अंगावर येतात. दोन बेटांच्या मधल्या पाण्याला शार्क अ‍ॅली म्हणतात आणि एकेकाळी ग्रेट व्हाइट शार्क बघायला सगळी दुनिया इथं यायची.

एकेकाळी म्हटलं ते मुद्दाम. आमचं बुकिंग कोल्हापुरातल्याच एका ट्रॅव्हलवाल्याकडनं झालं, त्याच्या काचेवर जबडा उघडलेल्या ग्रेट व्हाइटचा हा एवढा मोठा फोटो आणि तोंडी गॅरंटी की दिसणार म्हणजे दिसणार. तिथं पोचल्यावर बोटवाल्यांनी सकाळच्या माहितीतच स्पष्ट सांगितलं की ग्रेट व्हाइट आता क्वचित दिसतो. २०१७ मध्ये या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइट मरून वाहून यायला लागले, फाडलेले आणि यकृत गायब. ते काम ऑर्कांच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, एका जोडीचं, दोन्ही नर, एकाचा पाठीवरचा पर डावीकडं झुकलाय आणि दुसऱ्याचा उजवीकडं, म्हणून नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड, बोटीवरच्या भाषेत डावी आणि उजवी बाजू. शार्कचं यकृत लै मोठं आणि तेलानं भरलेलं असतं, ऑर्का तेवढंच खातात आणि बाकीचा मासा सोडून देतात. ते फिरकले की ग्रेट व्हाइट तिथनं निघून जातो. मासेमारीमुळंही शार्क कमी झाले असं काही अभ्यासक म्हणतात, वाद चालू आहे. पण मुद्दा असा की हे सगळं जुनं आहे, विकणाऱ्याला माहीत पाहिजे. मला याचा खरोखर राग आला, कारण आपण गिऱ्हाइकाला एक ड्रॉइंग दाखवून दुसरा माल देत नाही.

आता पिंजरा. माझं फॅब्रिकेशनचं काम, त्यामुळं बाकीचे लोक समुद्र बघत होते आणि मी आधी वेल्डिंग बघितलं. गॅल्व्हनाइज्ड लोखंड, जोड सगळे भरलेले, कुठं कच नाही की धार नाही. पिंजरा खोल सोडत नाहीत, बोटीच्या कडेला घट्ट बांधलेला असतो आणि वरचा भाग पाण्याच्या वरच राहतो. आतल्या बाजूला हातानं धरायला एक वेगळा बार आहे, म्हणजे बोटं बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही, आणि खाली पाय अडकवायला अजून एक. ज्यानं हे बनवलंय त्यानं आत उभं राहून विचार करून बनवलंय. फक्त आठ जण एका वेळी म्हणजे दाटी होते, सहा ठेवले असते तर बरं झालं असतं.

ऑक्सिजनचं नळकांडं वगैरे काही नाही, जाड वेटसूट, मास्क, कमरेला वजनाचा पट्टा, बस्स. पोहता आलंच पाहिजे असंही नाही. बोटीवरचा माणूस माशाचं तेल आणि तुकडे पाण्यात सोडत राहतो, दोरीला ट्यूनाचं मुंडकं बांधून फेकतो आणि शार्क जवळ आला की ओढून घेतो, त्याला ते खाऊ द्यायचं नसतं. मग ओरडतो, 'डाउन, लेफ्ट!' की आपण श्वास धरून बुडी मारायची. लहानपणी पाठीला डबा बांधून पंचगंगेत शिकलेल्या बुड्या इतक्या वर्षांनी कामाला आल्या, पण पाणी असलं गार की पहिल्या बुडीला छातीच आवळली. पाणी गढूळ, चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

आणि त्या गढूळ पाण्यातनं ब्रॉन्झ व्हेलर जातीचा शार्क आला. हा ग्रेट व्हाइटपेक्षा लहान, पण तरी माझ्यापेक्षा लांब, आणि रंग म्हणजे नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या घागरीचा. घाई नाही, झटापट नाही. अंगाला वळसा घेत हातभर अंतरावरनं गेला, डोळा माझ्यावर होता आणि मी वर श्वास घ्यायला यायचंच विसरलो. मग दुसरा, मग एकदम तीन. फोटोतला जबडा नाही दिसला, पण त्या वीस-पंचवीस मिनिटांत मला एकदाही त्याची आठवण झाली नाही, खरं सांगतो.

बायकोचं माहेर मालवण. मोरी, म्हणजे शार्कच, तिनं लहानपणापासून बाजारात, पाटीत, कालवणात बघितलेली, तिची खरखरीत कातडी कशी सोलायची तेही तिला येतं. वर आल्यावर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'अहो, जिवंत मोरी मी आज पहिल्यांदा बघितली.' बोटीवर जागा रिकामी होती म्हणून ती परत उतरली, ओठ निळे पडले तरी बाहेर यायला तयार नव्हती.

मेव्हण्याचा दिवस मात्र उलटीत गेला. होडीत वाढलेला पोरगा, त्यामुळं गोळी नको म्हणाला. बोट नांगर टाकून उभी असते तेव्हा चालत्या बोटीपेक्षा जास्त डोलते हे लक्षात घ्या, गोळी बंदरावर जायच्या आधी तासभर घ्या आणि सकाळी तेलकट खाऊ नका. बोटीवरच्या पोरीनं त्याला आलं-साखर देऊन, पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत सांभाळलं, ते मी विसरणार नाही. येताना सदर्न राइट व्हेल मायलेकरं दिसली, जून ते नोव्हेंबर ती या बाजूला असतात, तेवढ्यासाठी तो उठून बसला.

माणशी साधारण १३-१४ हजार रुपये पडले, व्हिडिओचे वेगळे घेतले, ते आधी सांगायला पाहिजे होतं. बोटीला पाचपैकी साडेचार. ट्रॅव्हलवाल्याला काही देत नाही, आल्यावर त्याच्याकडं जाऊन फोटो बदला म्हणून सांगितलं, गेल्या आठवड्यात बघितलं तर तोच लावलेला आहे. तुम्ही बुक करायच्या आधी बोटवाल्यांनाच थेट मेल टाका आणि या आठवड्यात कुठले शार्क दिसले ते विचारा, आमच्या बोटीवर रोजची नोंद वहीत लिहीत होते, त्यामुळं खरं उत्तर मिळेल.