डाव्या बटणाचा भरवसा: गेमिंग माऊस काही महिने वापरल्यानंतर

हालचाल टिपणारा पीएडब्ल्यू ३३९५ सेन्सर, ६० ग्रॅमच्या आसपासचे वजन आणि वायरलेस जोडणी, ही मी वापरत असलेल्या गेमिंग माऊसची माहिती बहुतेकांना पाठ असल्याने ती इथे पुन्हा देत नाही. मला लिहायचे आहे ते डाव्या बटणाखालच्या स्विचबद्दल, कारण वर्ष पूर्ण व्हायच्या आतच त्याने दगा दिला आणि स्पर्धात्मक खेळासाठी माऊस निवडताना काय पाहावे, याबद्दलचे माझे मत त्यामुळे पार बदलले.

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये डावे बटण दाबून धरले की ग्रेनेडची पिन निघते आणि बोट उचलले की ग्रेनेड सुटतो. मी बटण घट्ट दाबून भिंतीच्या आडोशाला उभा असताना ग्रेनेड आपसूक सुटला, समोरच्या कोपऱ्यावर आदळला आणि आमच्याच खेळाडूंमध्ये येऊन पडला. पुढे रायफलचा सलग मारा मध्येच तुटू लागला आणि डेस्कटॉपवर एका क्लिकने फोल्डर उघडू लागले, तेव्हा दोष कुठे आहे याबद्दल शंका उरली नाही.

या माऊसमध्ये आहे तशा यांत्रिक स्विचमध्ये धातूची एक बारीक पट्टी खालच्या संपर्कबिंदूवर टेकते आणि टेकताना क्षणभर थरथरते. ही थरथर म्हणजे अनेक क्लिक नव्हेत, हे ओळखण्यासाठी फर्मवेअर, म्हणजे माऊसच्या आतले सॉफ्टवेअर, काही मिलिसेकंद पुढचे संकेत दुर्लक्षित करते. त्यालाच डिबाउन्स म्हणतात. पट्टीचा ताण कमी झाला किंवा संपर्कबिंदूवर ऑक्साइडचा थर चढला की ही थरथर लांबते, आणि बटण दाबलेले असतानाही संपर्क तुटतो. सॉफ्टवेअरमधून डिबाउन्सचा काळ वाढवल्यावर काही आठवडे दिलासा मिळाला, पण दोष परत आला. खोक्यावर छापलेला कोट्यवधी क्लिकचा आकडा पट्टी मोडेपर्यंतचे आयुष्य सांगतो. संपर्क तोवर स्वच्छ राहील याची हमी तो देत नाही, आणि खेळणाऱ्याला गरज असते ती नेमकी याच हमीची.

सेवा केंद्राचा अनुभव मनस्ताप देणारा होता. तपासणीत दोष आढळला नाही, अशी चिठ्ठी जोडून माऊस परत आला. अधूनमधून होणारा दोष दहा-वीस क्लिकमध्ये दिसत नाही, हे त्यांना कळायला हवे होते. अखेर दोन क्लिकमधील अंतर मिलिसेकंदांत दाखवणाऱ्या चाचणीचे चित्रीकरण मी पाठवले. माणसाचे बोट देऊच शकणार नाही इतक्या कमी अंतराने आलेले क्लिक त्यात स्पष्ट दिसत होते, आणि त्यानंतरच माऊस बदलून मिळाला. हमीच्या काळातील वस्तूसाठी पुरावा गोळा करण्याचे काम ग्राहकावर टाकणे मला अजिबात मान्य नाही.

बाकी माऊसबद्दल तक्रार नाही. बोटे आखडून धरणाऱ्या माझ्या पकडीला त्याचा आकार इतका नेमका बसतो की मनगट दुखणे थांबले. ८००० हर्ट्झच्या पोलिंग रेटसाठी, म्हणजे माऊसने सेकंदाला ८००० वेळा संगणकाला नोंद पाठवण्यासाठी, मात्र जास्त पैसे मोजू नयेत. दोन नोंदींमधील अंतर त्यामुळे १ मिलिसेकंदावरून ०.१२५ मिलिसेकंदावर येते खरे, पण १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्रच सुमारे ७ मिलिसेकंद टिकते, तर बॅटरी आणि प्रोसेसर यांच्यावरचा भार निश्चित वाढतो. २६,००० डीपीआयचेही (माऊस इंचभर हलवल्यावर मोजले जाणारे बिंदू) तेच. मी ८०० वर खेळतो आणि त्यापुढे जाण्याची गरज कधी भासली नाही.

ऑप्टिकल स्विचचा क्लिक मला पूर्वी बोथट वाटायचा आणि त्या एका कारणासाठी मी तसे माऊस यादीतून वगळत असे. माऊस सेवा केंद्रात असताना मित्राचा ऑप्टिकल स्विचचा माऊस वापरला, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत तो स्पर्श परका वाटला आणि नंतर त्याची जाणीवही राहिली नाही. त्यात क्लिकची नोंद प्रकाशकिरणावरून होते, धातूचा संपर्क नसतो, त्यामुळे थरथर आणि ऑक्साइड या दोन्ही कारणांचा प्रश्नच येत नाही. ज्यांना यांत्रिक क्लिकच हवा आहे, त्यांनी सोल्डरिंग न करता स्विच बदलता येणारा माऊस पाहावा. आसूसच्या ग्लॅडियस मालिकेत ही सोय आहे.

बदलून आलेल्या माऊसमध्ये पुन्हा तोच यांत्रिक स्विच आहे. आकारासाठी मी तो वापरत राहीन, पण क्लिकची चाचणी अधूनमधून करून तिचे चित्रीकरण जपून ठेवतो, आणि हमी संपल्यावर डावे बटण पुन्हा बिघडले तर त्याच कंपनीचा यांत्रिक स्विचचा दुसरा माऊस मी घेणार नाही.