अलकापुरीतलं एव्हिएशन करिअर वर्कशॉप: सिम्युलेटरला पैकीच्या पैकी, भाषणाला मात्र पुरावा दाखवा

पाचपैकी तीन स्टार, आणि तिन्ही सिम्युलेटरच्या खोलीचे. हॉलमधल्या भाषणाला वेगळे स्टार द्यायची सोय असती तर एकही दिला नसता. आयोजकांचं नाव लिहीत नाहीये, कारण एकाला झोडपून उपयोग नाही, बारावीचे पेपर जवळ आले की बडोद्यात असले बॅनर चौकाचौकात लागतात आणि फोटोतला गॉगलवाला पायलट सोडला तर मजकूर सगळीकडे तोच.

भाची बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही घेतलंय, डोक्यात पायलटशिवाय दुसरं काही नाही. ताई-भावजींचं दांडिया बाजारला दुकान, रविवारी हलता येत नाही, म्हणून मावशीची ड्युटी. माणशी ४९९ रुपये, सोबत आलेल्या पालकाचेही वेगळे ४९९, हे बॅनरवर कुठेही लिहिलेलं नव्हतं, दारात कळलं. मी मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीचे अकाउंट्स बघते, त्यामुळे पहिला प्रश्न पावतीचा, तर म्हणे मॅडम व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. अजून यायचीये.

दहाचा कार्यक्रम अकराला सुरू झाला. बोलणारे सर तयारीचे होते, आवाज छान, गुजराती-हिंदीत सुरुवात केली आणि समोर मराठी मंडळी बरीच दिसल्यावर सरळ मराठीत आले. म्हणाले, विमान राइट बंधूंनी शोधलं हे साफ खोटं, त्यांच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, दीड हजार फूट वर गेलं, आणि ते बघायला न्यायमूर्ती रानडे आणि आपले सयाजीराव महाराज स्वतः हजर होते! टाळ्या. अहो बडोद्यात मराठी माणसासमोर महाराजांचं नाव घेतलं की तो तिथेच निम्मा विरघळतो, मी पण विरघळते, माझे पणजोबा त्यांच्याच कारकिर्दीत इथे नोकरीला आले म्हणून तर आम्ही इथले. ते ह्या सरांना पक्कं ठाऊक होतं.

आता तळपदे हा माणूस खरा, मुंबईचे पाठारे प्रभू, संस्कृतचे जाणकार, विमान बनवायच्या ध्यासाने झपाटलेले, त्यांच्या यंत्राला मरुत्सखा म्हणतात, इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. त्या काळात मुंबईत बसून असल्या यंत्राच्या मागे लागणं हेच मोठं काम आहे. पण उडाल्याचा फोटो नाही, यंत्र शिल्लक नाही, मोजमाप नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं की तेव्हाचा काही कागद आहे का, तर सर हसून म्हणाले, इंग्रजांनी सगळं दाबलं. मग म्हणे हे विमान ‘वैमानिक शास्त्र’ ह्या प्राचीन ग्रंथावरनं बनवलं होतं आणि पाऱ्यावर चालायचं. इथे माझं डोकं सटकलं. त्या ग्रंथाची तपासणी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी १९७४ सालीच केलेली आहे, त्यांचा निष्कर्ष असा की मजकूर १९०४ च्या आधीचा असूच शकत नाही आणि त्यात दिलेली विमानं उडण्याच्या लायकीची नाहीत. म्हणजे ग्रंथ नंतरचा आणि त्यावरनं बनवलेलं विमान आधीचं. माल एप्रिलमध्ये आला आणि ऑर्डर जूनची निघाली तर मी तो व्हाउचर पास करत नाही, इथे कशी करू? आणि महाराजांचं म्हणाल तर ज्यांच्या राज्यात दरवर्षी कारभाराचा अहवाल छापून निघायचा, त्यांच्या नावावर कागद नसलेली गोष्ट खपवणं हा त्यांचा मान की अपमान, ते बडोदेकरांनीच ठरवावं.

असो. सिम्युलेटर.

हॉलच्या मागे एक बारकी खोली, तीन मोठे स्क्रीन, खुर्ची, योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पायात रडरचं म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या पट्टीचं पेडल, सेसना १७२ ह्या छोट्या विमानाचं सेटिंग. शिकवायला एक तरुण ग्राउंड इन्स्ट्रक्टर होते, त्यांना हॉलमधलं भाषण ऐकू येत होतं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रत्येक मुलाला मोजून दहा मिनिटं असं ठरलेलं, पण त्यांनी घाई अजिबात केली नाही. भाचीला हरणीच्या, म्हणजे इथल्या विमानतळाच्या, रनवेवरनं टेकऑफ करू दिलं, वर गेल्यावर म्हणाले आता पाय पेडलवरनं काढ आणि नुसतं योक डावीकडे फिरव. तिने फिरवलं, विमान डावीकडे कललं पण नाक क्षणभर उजवीकडे ओढलं गेलं, आणि डायलमधली ती काळी गोळी नळीत मधली जागा सोडून बाजूला सरकली. मग म्हणाले आता हळूच डावा पाय दाब. गोळी मधे आली, वळण एकदम सुतासारखं. म्हणाले, राइट बंधूंनी नेमकं हे सोडवलं.

मग जे सांगितलं ते मी लक्ष देऊन ऐकलं, कारण हॉलमध्ये दीड तासात जे मिळालं नाही ते इथे मिळालं. इंजिन लावून उडी मारणारे त्यांच्या आधीही होते. फ्रान्समधे क्लेमां आदेर यांचं वाफेचं यंत्र १८९० मधे जमिनीपासून जरा उचललं होतं. पण वर गेल्यावर तिन्ही दिशांनी ताबा ठेवायचा, म्हणजे नाक वर-खाली, पंख कलते आणि नाक डावं-उजवं, हे सगळं एकत्र कुणाला जमलं नव्हतं. सायकल दुरुस्त करणाऱ्या ह्या दोघा भावांनी १९०१ मधे स्वतःची विंड टनेल, म्हणजे वारा सोडून पंख तपासायचा बोगदा, बनवून पंखांचे दोनशेच्या आसपास नमुने तपासले, १९०२ मधे बिनइंजिनाच्या ग्लायडरला हलणारं रडर लावून ही गोळीवाली भानगड मिटवली, आणि मगच इंजिनाकडे वळले. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, पहिलं उड्डाण १२ सेकंद आणि १२० फूट, त्याच दिवसाचं चौथं ५९ सेकंद आणि ८५२ फूट. फोटो आहे, आणि तो काढणाऱ्याने त्याआधी कॅमेरा हातात धरलेला नव्हता. घरी वडिलांना पाठवलेली तार आहे, तिच्यात ५९ च्या जागी ५७ सेकंद पडलेत. मला तर ती तारेतली चूकच सगळ्यात आवडली, खरी कागदपत्रं अशीच असतात, अगदी गुळगुळीत हिशोब आला की मला आधी संशय येतो.

आणि ते इन्स्ट्रक्टर राइट बंधूंचे भक्त होते असंही नाही हं. म्हणाले ब्राझीलमधे जाऊन राइटचं नाव घ्या, लोक सांतोस द्युमाँ म्हणतील. त्यांनी १९०६ च्या नोव्हेंबरात पॅरिसमधे जाहीरपणे लोकांसमोर २२० मीटर विमान उडवलं, स्वतःच्या चाकांवर धावून, आणि राइटचं विमान रुळावरनं सुटायचं, पुढे १९०४ पासनं तर वजन खाली पाडून त्याला ढकलायचे, म्हणून ब्राझीलवाल्यांचं म्हणणं की त्याला उड्डाण धरू नका. अमेरिकेतच कनेक्टिकट राज्याने २०१३ मधे कायदा करून टाकला की पहिला मान गुस्ताव व्हाइटहेडचा, १९०१ चा, त्याच्याही उड्डाणाचा धड फोटो नाही. आणि खुद्द अमेरिकेचं स्मिथसोनियन संग्रहालय कित्येक वर्षं आपल्याच माजी प्रमुखाच्या, लँग्लीच्या विमानाला उडण्यालायक पहिलं विमान म्हणून मिरवत होतं, जे १९०३ मधे दोनदा सोडलं आणि दोन्ही वेळा नदीत पडलं होतं. धाकटे राइट इतके चिडले की त्यांनी आपलं विमान १९२८ मधे थेट लंडनला पाठवून दिलं, स्मिथसोनियनने १९४२ मधे चूक कबूल केली तेव्हा कुठे १९४८ मधे ते परत आलं. तेव्हा पहिलेपणाची हाव काय आपल्यालाच आहे असं नाही, गोऱ्यांनाही आहे, फरक एवढाच की तिथे कुणीतरी कागद घेऊन मागे लागलं.

इथून बाहेर पडलो की काउंटर. तिथलं वातावरण एकदम साडीच्या सेलसारखं, आज बुक केलं तर सूट, उद्या भाव वाढणार. पंचवीस हजार भरून सीट पकडा, परत मिळणार नाहीत. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात शंभर टक्के प्लेसमेंट आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात सहाय्य. मी विचारलं मागच्या बॅचमधल्या किती जणांना सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, मिळालं, काउंटरवरची मुलगी म्हणाली डेटा हेड ऑफिसला आहे. फ्लाइंग कुठल्या स्कूलला, तर टाय-अप आहे, नाव अ‍ॅडमिशननंतर. लायसन्स मिळाल्यावर टाईप रेटिंगचा, म्हणजे एखादं ठराविक मोठं विमान चालवायच्या ट्रेनिंगचा, खर्च ह्याच्यात धरलाय का, तर ते नंतर बघू मॅडम. आत सर म्हणत होते इंग्रजांनी दाबलं, बाहेर ही म्हणतेय हेड ऑफिसला आहे. एकाच शाळेतली दोघं!

त्यांनी जे सांगितलं नाही ते मी लिहिते, कोणाचे तरी पैसे वाचतील. सगळ्यात आधी मेडिकल, डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, यादीतल्या डॉक्टरकडनं आधी क्लास टू, मग कमर्शियलला लागणारं क्लास वन, रंग ओळखण्यात किंवा दुसऱ्या कशात अडकलं तर आधीच कळू दे, फी भरल्यावर नको. परीक्षेला बसायला लागणारा डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर स्वतः काढता येतो. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन, टेक्निकल हे पेपर ७० टक्क्यांना पास, ते घरी अभ्यास करूनही देतात मुलं. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, आणि इथे करायचं तर ते डीजीसीएची मान्यता असलेल्या फ्लाइंग स्कूललाच, हे वर्कशॉपवाले स्वतः फ्लाइंग स्कूल नाहीत, नुसते क्लासवाले आहेत, हे तीनदा विचारल्यावर मान्य केलं. डीजीसीएने २०२५ पासनं फ्लाइंग स्कूलना ग्रेड द्यायला सुरुवात केलीये, स्कूलचं नाव काढून घ्या आणि तिथे बघा. सगळं मिळून खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो, टाईप रेटिंग वर वेगळं, आणि एवढं करून नोकरी लगेच लागेलच असं कुणी लिहून देत नाही. घर गहाण टाकायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

माझी खरी चिडचिड दुसरीच आहे. अख्ख्या दिवसात पायलट आणि केबिन क्रू सोडून तिसरा शब्द नाही. अरे, बडोद्यात बसून बोलताय ना? इथेच टाटा आणि एअरबसचा सी-२९५ ह्या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना आहे, २०२४ च्या ऑक्टोबरात आपले आणि स्पेनचे पंतप्रधान दोघं येऊन उद्घाटन करून गेले, अख्खं शहर त्या दिवशी ट्रॅफिकमधे अडकलं होतं. हवाई दलाच्या जुन्या अ‍ॅव्ह्रो विमानांच्या जागी एकूण ५६ विमानं, १६ स्पेनहून तयार, ४० इथे बनायची. तिथे पायलट नाही, शीट मेटलची माणसं लागतात, रिव्हेट मारणारी, वायरिंग करणारी, क्वालिटी तपासणारी. लालबागेतल्या गतिशक्ती विद्यापीठाचा एअरबसशी २०२३ मधे करार झालाय. मेंटेनन्स इंजिनीअर व्हायचं तर डीजीसीएच्या सीएआर १४७ ह्या नियमाखाली मान्यता असलेली संस्था बघायची, लायसन्स बी वन म्हणजे मेकॅनिकल, बी टू म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. कंट्रोल टॉवरमधे बसायचं तर फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनीअरिंग करून एअरपोर्ट अथॉरिटीची परीक्षा. ह्यातलं एक अक्षर नाही. सिम्युलेटरवाल्यांनीच जाता जाता सांगितलं की राइट बंधूंचं १२ हॉर्सपॉवरचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने जेमतेम सहा आठवड्यांत हाताने बनवलं, त्याच्याशिवाय ते दोघे ग्लायडरच उडवत बसले असते. भाचीने परत येताना रिक्षात त्या चार्लीलाच मोबाईलवर शोधलं. पायलटचं भूत उतरलेलं नाही, पण आता एव्हिऑनिक्स म्हणजे काय हे विचारतेय, हेही नसे थोडके.

जेवण बरं होतं, पुऱ्या गार, श्रीखंड चांगलं. एसी इतका गार की बायकांनी पदर डोक्यावरनं घेतले. पार्किंग नाही, गाडी लांब लावावी लागते. जायचंच असेल तर पालकांनी हॉलमधे न बसता मुलांबरोबर मागच्या खोलीत उभं राहावं, कुणी अडवत नाही, आणि त्या इन्स्ट्रक्टरना हवामानाचा पेपर कसा करायचा ते विचारा, हरणीचा मेटार रिपोर्ट, म्हणजे विमानतळावरच्या हवामानाची सांकेतिक नोंद, उघडून वाचायला शिकवतात, फुकट. काउंटरवर फोन नंबर देऊ नका, मी दिला, रोज दुपारी जेवायच्या वेळेला फोन येतो, आणि पावतीचं विचारलं की कट होतो.